भाकरी माणसाला, कडबा बैलाला

गंगाखेड तालुक्यात रब्बीची ज्वारी निघाली की एकाच ताटाचे दोन वाटे होतात. कणसे खळ्यावर जातात, दाणे पोत्यांत भरले जातात आणि वर्षभर त्यांची भाकरी होते. उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधून गंजी रचली जाते आणि तो कडबा बैल-म्हशींच्या दावणीला लागतो. ही वाटणी इतकी जुनी आहे की तिचे कारण कुणी विचारत नाही. माणूस दाणा खातो, जनावर कडबा खाते. यात विचारायचे काय?

विचारण्यासारखे आहे. ज्वारीच्या दाण्यात वजनाने सुमारे ७० टक्के स्टार्च असते. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी. कडब्यातला सर्वांत मोठा घटक सेल्युलोज, आणि तीही ग्लुकोजच्याच हजारो रेणूंची साखळी. म्हणजे कडब्याच्या गंजीतही साखरच भरून ठेवलेली आहे. तरी त्या गंजीला टेकून बसलेला माणूस उपाशी मरेल आणि तिच्यावरच बैल वर्ष काढील. माल दोन्हीकडे एकच. वेगळी आहे ती जोडणी. सजीवांच्या पेशींतल्या मोठमोठ्या रेणूंचे सगळे शास्त्र या जोडणीभोवती फिरते. ते समजून घ्यायला गंगाखेड-परभणीच्या शिवारातली पिके पुरेशी आहेत.

छोट्यापासून मोठे

कोणत्याही पेशीत वजनाने साधारण ७० टक्के पाणी असते. उरलेल्या भागातला बहुतेक वाटा महारेणूंचा, म्हणजे हजारो-लाखो अणूंच्या रेणूंचा. त्यांची चार घराणी मानतात : कर्बोदके, प्रथिने, मेद आणि केंद्रकाम्ले. यांपैकी मेद खऱ्या अर्थाने लांब साखळ्यांचे नसतात, पण पेशीची घडण त्यांच्याशिवाय पुरी होत नाही म्हणून त्यांना याच पंक्तीत बसवतात.

बाकी तिघांची रीत एकच. छोटे घटक घ्यायचे, ते एकापुढे एक जोडायचे आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर टाकायचा. साखळी तोडायची असेल तेव्हा प्रत्येक सांध्यावर पाण्याचा एक रेणू परत घालायचा. पेशीतली बांधणी आणि पोटातले पचन हे याच व्यवहाराचे दोन भाग आहेत.

इतके मोठे रेणू असू शकतात यावर शंभर वर्षांपूर्वी भल्याभल्यांचा विश्वास नव्हता. रबर, स्टार्च, सेल्युलोज हे लहान रेणूंचे सैलसर गोळे आहेत, असे तेव्हाचे मत होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ठामपणे मांडले की हे घटक पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत. त्यांच्यावर टीका झाली, पण पुरावे त्यांच्या बाजूने जमत गेले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हुरड्यातली गोडी कुठे जाते

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे हुरड्याचे दिवस असतात. दाणा चिकातून पुढे सरकलेला, पण अजून कोवळा. आगटीत कणसे भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खायचे. आठ-दहा दिवस उशीर झाला की तोच दाणा टणक होतो आणि गोडी जाते. ती उडून जात नाही. पानांत तयार झालेली साखर कणसात येते, आणि दाण्यातली विकरे (एन्झाइम) तिच्यातले ग्लुकोज एकामागून एक जोडत त्याचे स्टार्च करतात. जिभेला सुट्या साखरेची चव कळते. साखळीत गुंतलेले ग्लुकोज जिभेच्या लेखी नसल्यासारखेच.

पण झाडाने हा खटाटोप का करावा? साखर आहे तशीच का ठेवू नये? कारण विरघळलेली साखर पाणी ओढून घेते. दाण्यात तेवढी साखर सुटी राहिली तर दाणा पाण्याने फुगेल आणि पोत्यात चार दिवस टिकणार नाही. हजारो ग्लुकोजची एक साखळी केली की पाणी ओढणाऱ्या रेणूंची संख्या हजारपटींनी घटते आणि दाणा कोरडा राहतो. ऊस याच्या उलट वागतो. तो साखर विरघळलेलीच ठेवतो, म्हणून त्याच्या कांड्यांत रस असतो. तोडलेला ऊस फार वेळ पडून राहिला तर त्यातलेच विकर साखरेचे तुकडे पाडू लागते आणि उतारा घटतो. कारखान्याला ऊस ताजा हवा असतो तो यासाठी.

दाण्यातले स्टार्च दोन प्रकारचे. अमायलोजची साखळी सरळ, एकाच धाग्याची असते. अमायलोपेक्टिनला साधारण दर पंचवीस-तीस ग्लुकोजनंतर फांदी फुटते. आपल्या शरीरातही ग्लुकोज साठवण्याची हीच रीत आहे. तिथल्या साखळीचे नाव ग्लायकोजेन आणि तिला फांद्या आणखी दाट. माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. उपवासाच्या दिवशी सकाळची कामे त्यावरच निभतात.

आता भाकरीकडे येऊ. ज्वारीचे पीठ थंड पाण्यात मळले तर भाकरी थापताना कडेने चिरत जाते. म्हणून आधणाचे पाणी घेतात किंवा उकड काढतात. सुमारे ७० अंशांपलीकडे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांतल्या साखळ्या सैल होतात आणि चिकटपणा येतो. गव्हाच्या कणकेला हे लागत नाही, कारण गव्हाची प्रथिने पाण्यात एकमेकांत गुंतून ताणता येईल असे जाळे करतात, तेच ग्लूटेन. ज्वारीची मुख्य प्रथिने बारीक गोळ्यांत बंद असतात आणि असे जाळे करत नाहीत. म्हणून पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते. भाकरी शिळी झाली की सैल झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ती कडक होते. त्यातला काही भाग आपल्या विकरांनाही सहज तुटत नाही. शिळी भाकरी पोटाला जड वाटते पण भूक लवकर लागू देत नाही, असे शेतावर जाणारी माणसे सांगतात, त्यात तथ्य आहे.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव, त्यामुळे दळणाची गोष्ट निघाली की जाते आठवतेच. जात्यात दाणा फुटतो, त्यातल्या रेणूंच्या साखळ्या मात्र जवळजवळ शाबूत राहतात. त्या तोडण्याचे काम तोंडात सुरू होते. भाकरीचा घास नुसताच बराच वेळ चावत राहिला तर गोड लागू लागतो. लाळेतले अमायलेज स्टार्चचे लहान लहान तुकडे पाडत असते. असे स्टार्च तोडणारे विकर १८३३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन आणि त्याचा सहकारी पेर्सो यांनी मोड आणलेल्या धान्यातून वेगळे केले. प्रयोगशाळेत सापडलेले ते पहिले विकर. त्याच पायेनने १८३८ मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतून सेल्युलोजही वेगळे काढले. भाकरीच्या आणि कडब्याच्या शास्त्राचा पाया असा एकाच माणसाने घातला.

एक सुलटा, एक उलटा

ग्लुकोजचा रेणू सहा कडांच्या कड्यासारखा असतो. दोन कडी जोडताना सांधा दोन प्रकारे बसू शकतो. स्टार्चमध्ये सगळी कडी एकाच बाजूने तोंड करून जोडली जातात. या सांध्याला अल्फा म्हणतात. त्यामुळे साखळीला बाक येतो आणि ती गोल गोल वळत जाते. तिच्यात पोकळ्या राहतात, पाणी शिरते, विकरांना जागा मिळते. सेल्युलोजमध्ये एक कडे सुलटे आणि पुढचे उलटे असे आलटून पालटून बसते. हा बीटा सांधा. त्यामुळे साखळी सरळसोट राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी येतात, गंजीत पेंढ्या रचाव्यात तशा घट्ट बसतात आणि असंख्य हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. मग पाण्यालाही आत शिरायला वाट उरत नाही.

आपल्या लाळेतले आणि आतड्यातले विकर अल्फा सांध्यावर नेमके बसते. बीटा सांधा त्याच्या हाताला लागतच नाही. म्हणून कडबा, भाजीचे देठ, धान्याचा कोंडा आपल्या पोटातून तंतू म्हणून पुढे सरकतो. त्याचाही उपयोग आहे, पोट साफ राहते. पण त्यातली साखर आपल्याला लाभत नाही.

बैलालाही तसे विकर जन्मतः मिळालेले नसते. त्याच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात जीवाणू, आदिजीव आणि बुरशी यांचा मोठा पसारा असतो आणि त्यांच्याकडे सेल्युलोज तोडणारी विकरे असतात. बैल कडबा गिळतो, रवंथ करून पुन्हा बारीक करतो आणि सूक्ष्मजीवांपुढे टाकतो. ते ग्लुकोज सोडवून स्वतः वापरतात आणि त्यांतून छोटी मेदाम्ले बाहेर पडतात. बैलाच्या अंगातली बरीचशी ऊर्जा या मेदाम्लांतून येते. कडब्याची कुट्टी केली की तुकड्यांचे पृष्ठफळ वाढते आणि सूक्ष्मजीवांना काम सोपे जाते. मात्र कुट्टीने सांधे तुटत नाहीत. ते काम विकरांचेच.

सेल्युलोज हातात धरून पाहायचे असेल तर कापसाचे बोंड घ्यावे. रुईचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी. फूल उमलते त्या सुमारास ती सालीतून बाहेर डोकावते, पुढचे दोन-तीन आठवडे फक्त लांबीत वाढते आणि तीन सेंटीमीटरच्या आसपास जाते. लांबी रुंदीच्या हजारपटींहून जास्त. मग ती आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर देऊ लागते. पन्नासेक दिवसांत बोंड फुटते, पेशी मरते, सुकते आणि मागे उरतो तो नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजचा पोकळ, पीळ पडलेला धागा. याच्या इतके शुद्ध सेल्युलोज निसर्गात क्वचितच मिळते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय प्रयोगशाळा आहे. धाग्याची लांबी, बळकटी, पक्वता तिथे मोजली जाते. पक्वता म्हणजे सेल्युलोजचे थर किती जाड बसले याचा हिशेब.

सुती सदऱ्याला स्टार्चची खळ देण्याची रीत आठवा. ग्लुकोजच्या एका साखळीवर ग्लुकोजचीच दुसरी साखळी चढवलेली असते. धुतल्यावर खळ पाण्याबरोबर निघून जाते, सदरा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की धाग्यांतले हायड्रोजन बंध काही ठिकाणी सुटतात आणि सपाट स्थितीत पुन्हा बसतात. सुरकुती जाते ती यामुळे.

सोयाबीन कच्चे का खाऊ नये

कर्बोदकांत घटक एक-दोन प्रकारचे, प्रथिनांत ते वीस. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. वीस प्रकारच्या घटकांची शंभराची माळ गुंफायची तर प्रत्येक जागेला वीस पर्याय. होणाऱ्या माळांची संख्या विश्वातल्या अणूंच्या संख्येपेक्षाही मोठी निघते. सजीवांनी त्यांतल्या थोड्याशाच वापरल्या आहेत. पण माळ नुसती गुंफून भागत नाही. ती ठरावीक पद्धतीने घडी घालून बसली तरच कामाची होते. काही ठिकाणी ती फिरकीसारखी वळते, काही ठिकाणी पट्ट्यासारखी पसरते, मग सगळी मिळून एक नेमका आकार घेते. त्या आकारावर एखादी खाच असते आणि प्रथिनाचे सगळे काम त्या खाचेत चालते.

क्रमातल्या एका घटकानेही किती फरक पडतो, याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या मिळून ५७४ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यांत अनेक कुटुंबे तो पिढ्यानपिढ्या सोसत आली आहेत.

सोयाबीन मराठवाड्याच्या खरिपाचे मोठे पीक. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल. तरी कच्चे सोयाबीन माणसाला काय, कोंबड्यांनाही मानवत नाही. आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे विकर असते. सोयाबीनमध्ये त्याच्या खाचेत जाऊन अडकणारे एक प्रथिन असते, ट्रिप्सिन-रोधक. विकराचे तोंडच बंद झाले की पोटातले प्रथिन न पचता पुढे जाते. किडीने दाणा खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. पण रोधकही प्रथिनच, त्याचाही जोर त्याच्या घडीत. चांगले शिजवले, भाजले किंवा वाफवले की घडी उलगडते, माळ तशीच राहते आणि काम थांबते. म्हणून कोंबडीखाद्यात जाणारी डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, उष्णतेच्या प्रक्रियेतून काढावी लागते, आणि घरी सोयाबीनचे पीठ करायचे तर दाणे आधी उकळून, वाळवून, भाजून मगच गिरणीत न्यावेत.

कडधान्यांतल्या अशा रोधकांचा आपल्याकडे बारकाईने अभ्यास केला तो जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. त्याआधी केंब्रिजमध्ये त्यांनी बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. सायटोक्रोम सी ही शंभरच्या आसपास अमिनो आम्लांची छोटी माळ. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेत ती इलेक्ट्रॉनची ने-आण करते. बटाट्याचा श्वास आणि बैलाचा श्वास एकाच यंत्रणेवर चालतो, हे त्या कामाचे सार.

याच यंत्रणेचा ज्वारीशी एक जीवघेणा संबंध आहे. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी जनावराने खाल्ली तर ते काही मिनिटांत कोसळू शकते. ज्वारीच्या पानात धुरिन नावाचा एक निरुपद्रवी पदार्थ एका थरातल्या पेशींत असतो आणि तो तोडणारे विकर शेजारच्या थरातल्या पेशींत. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावर पान चघळते, पेशी फुटतात, विकर धुरिनपर्यंत पोहोचते आणि सायनाइड सुटते. ते तंतुकणिकेत सायटोक्रोम सीच्या पुढच्या विकराला जाऊन चिकटते. श्वास चालू असून पेशी गुदमरते. फुलोऱ्यात येण्याआधीच्या ज्वारीत जनावरे सोडू नयेत, हा जुन्या शेतकऱ्यांचा नियम या एका विकरापायी आहे.

प्रथिनांच्या बाबतीत भाकरीचा एक उणेपणा सांगायला हवा. वीस अमिनो आम्लांपैकी नऊ आपले शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीत त्यांतले लायसिन फार कमी. तूर, मूग, हरभरा यांत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते ज्वारीत बऱ्यापैकी असते. म्हणून भाकरीबरोबर वरण किंवा पिठले घेतले की दोघांची उणीव भरून निघते. नुसत्या भाकरी-ठेच्यावर दिवस काढणाऱ्या मुलाचे पोट भरते, वाढ मात्र मागे पडते.

तूप थिजते, करडईचे तेल थिजत नाही

मेदाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन मेदाम्ले लटकलेली असतात. इथेही माल जवळपास तोच आणि फरक बंधाचा. १८ कार्बनचे स्टिअरिक आम्ल पूर्ण सरळ असते. ते ६९ अंशांपर्यंत घट्टच राहते. त्यात एक दुहेरी बंध घातला की ओलेइक आम्ल होते. साखळीला बाक येतो आणि ते १३-१४ अंशांनाच वितळते. दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक शून्याखालीही पातळ राहते. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक असते, म्हणून ते थंडीतही वाहते. तुपात सरळ मेदाम्ले जास्त, म्हणून ते कार्तिकातच थिजते. तेलातले हे बाक कारखान्यात हायड्रोजन देऊन काढले की वनस्पती तूप होते. त्या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स मेद हृदयाला घातक, म्हणून जानेवारी २०२२ पासून त्यांवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

बाजरीच्या पिठाचा कडवटपणाही मेदाचाच. दळताना दाण्याच्या कोंबातले तेल आणि ते तोडणारे विकर एकत्र येतात, मेदाम्ले सुटतात आणि पीठ थोड्याच दिवसांत कडू होते. हिवाळ्यात बाजरी लागेल तेवढीच दळून आणायची ती या कारणाने.

पेशीसाठी मात्र मेदाचे सर्वांत मोठे काम वेगळे आहे. तीन मेदाम्लांपैकी एकाच्या जागी पाण्याची ओढ असलेला फॉस्फेटचा गट बसला की रेणूचे एक टोक पाण्याकडे धावते आणि उरलेल्या दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे रेणू पाण्यात टाकले की आपोआप दुहेरी थर लावून बसतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हेच पेशीपटल. जाडी अवघी पाच नॅनोमीटरच्या आसपास, पण पेशीचे आत आणि बाहेर त्यामुळेच ठरते.

अळी, प्रथिन आणि जनुक

वीस अमिनो आम्लांचा क्रम कुठे लिहिलेला असतो? डीएनए या केंद्रकाम्लात. हीही साखळीच. तिच्यात घटक फक्त चार, ओळखीची अक्षरे ए, टी, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. ६४ शब्दांपैकी ६१ अमिनो आम्लांसाठी आणि तीन थांबण्यासाठी. एका प्रथिनाचा क्रम सांगणारा डीएनएचा तुकडा म्हणजे जनुक. या अक्षरांची नक्कल आरएनएमध्ये होते आणि पेशीतल्या रायबोसोम या यंत्रावर ती वाचली जाऊन प्रथिन गुंफले जाते. डीएनए आणि आरएनए यांच्या साखरेत एका ऑक्सिजन अणूचा फरक आहे. तेवढ्याने आरएनए नाजूक होतो, लवकर तुटतो. तात्पुरत्या निरोपाला तो योग्य, कायमच्या नोंदीला डीएनए. कोविडच्या काळात पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने जून २०२२ मध्ये मंजुरी मिळवलेली लस आरएनएचीच होती. ज्वारीच्या जनुकसंचाचे वाचन २००९ मध्ये पूर्ण झाले. त्यात सुमारे ७३ कोटी अक्षरे आहेत.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याने जनुक हा शब्द ऐकला तो बीटी कापसामुळे. मार्च २००२ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पहिली बीटी वाणे जालन्याच्या महिकोची होती. मातीतल्या एका जीवाणूचे जनुक कापसात घातले, म्हणून झाडाची पेशी त्या जीवाणूचे प्रथिन गुंफू लागली. जीवाणूतले हे मूळ प्रथिन १,१७८ अमिनो आम्लांचे. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते कापले जाऊन कार्यक्षम होते, आतड्याच्या पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि पेशीपटलाला भोके पाडते. माणसाच्या आम्लधर्मी जठरात ते पचून जाते, आणि चिकटायला लागणारे ते प्रथिनही आपल्याकडे नसते.

पुढे काय झाले तेही सर्वांना ठाऊक आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार केला. बीटी प्रथिन बदलले नव्हते, अळी बदलली होती. ज्या प्रथिनाला बीटी चिकटते, त्याच्या जनुकात बदल झालेल्या अळ्या जगल्या, वाढल्या आणि त्यांची प्रजा शिवारभर पसरली. वर्षानुवर्षे तीच बीटी प्रथिने, फरदडीचा मोह आणि बीटी नसलेल्या कपाशीच्या कडेच्या ओळी लावण्यात झालेली टाळाटाळ, या सगळ्यांनी त्या अळ्यांना हात दिला.

पीक बदलण्याची दुसरी वाटही आहे. परभणीत १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ सुरू झाले; आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथल्या ‘परभणी शक्ती’ या २०१८ च्या ज्वारीत दुसरे जनुक घातलेले नाही. निवड-पैदाशीने तिच्या दाण्यात लोह आणि जस्त वाढवले आहे. ही खनिजे महारेणू नव्हेत, पण लोहाशिवाय हिमोग्लोबिन प्राणवायू धरू शकत नाही आणि जस्ताशिवाय शेकडो विकरे निकामी होतात.

सांधा तोडणारी बुरशी

बीटा सांध्याची किंमत कळायला दुसरे महायुद्ध निमित्त झाले. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले. त्या तंबूंवर एक बुरशी सापडली, ट्रायकोडर्मा. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. पुढे त्या जातीला रीझचेच नाव मिळाले. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांचा आजचा जगभरचा उद्योग बराचसा या बुरशीवर उभा आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा कारखाना देशाला अर्पण झाला, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज उद्योगाचे. तिथे खर्चिक टप्पा हाच : लिग्निन या चिवट घटकात गुरफटलेले सेल्युलोज मोकळे करायचे आणि त्याचे सांधे तोडून ग्लुकोज मिळवायचे. एकदा ग्लुकोज हाती आले की पुढचे काम यीस्ट करते.

ट्रायकोडर्माचेच भाऊबंद आपला शेतकरी बीजप्रक्रियेसाठी पुड्यांतून आणतो. त्यांचे शेतातले काम मात्र दरवर्षी आगपेटीने हिरावले जाते. कापसाची पऱ्हाटी, सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे पाचट पेटवले की महिनोन् महिने झाडांनी जोडलेले सांधे तासाभरात तुटतात, त्यांतला कार्बन हवेत जातो, बहुतेक नत्रही धुरातून जाते आणि वरच्या थरातले सूक्ष्मजीव भाजून निघतात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला सेंद्रिय कर्बाची गरज असताना हे परवडणारे नाही. यंदा पऱ्हाटी श्रेडरने बारीक करा, पाचट सरीत कुजू द्या, भुसकटाचा ढीग शेणकाला आणि थोडा युरिया घालून ओला ठेवा. सांधे तोडायला बुरशी आणि जीवाणू पुरेसे आहेत, आणि ते मजुरी मागत नाहीत.